चाकाची मागची बाजू

माझ्या वडिलांचं कराडजवळ हमरस्त्यावर टायरचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. बी. ए. झालो, कवितेच्या नादाला लागलो, तेव्हा हाताला चिकटलेलं काळं एकदाचं सुटलं असं मला वाटलं होतं. गेल्या नोव्हेंबरात ते पुन्हा लागलं आणि तेही कॅनडात, मॉन्ट्रियलला.

माझा धाकटा मुलगा तिथं पिकअप ट्रक घेऊन घरदुरुस्तीची कामं करतो. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत अशा गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावरच्या बारीक चिरा बर्फात रुततात. पण दर हंगामाला टायर डिस्कवरून उतरवायचे आणि चढवायचे, यात मजुरी जाते, टायरची कडही दुखावते. म्हणून पुष्कळ लोक डिस्कचा दुसरा जोड बाळगतात. मुलानं भंगारातून चार लोखंडी डिस्क स्वस्तात आणल्या होत्या. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं त्या पार खाल्ल्या होत्या.

दोन दिवस आम्ही बापलेक गॅरेजमध्ये बसलो. तारेच्या ब्रशनं गंज काढला. नटाच्या भोकांभोवती कुठं तडा नाही ना, हे बॅटरी लावून पाहिलं. तडा गेलेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नये. ती पुन्हा भंगारातच द्यावी. टायर जिथं टेकतो ती कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, नाहीतर तिथून हवा झिरपते. मग प्रायमर आणि काळा रंग. मी झोपायला गेलो, तेव्हा एकच डिस्क रंगवायची राहिली होती.

सकाळी पाहतो तर चारही चकचकीत. एक उलटी केली आणि माझ्या पोटात गोळा आला. हबला टेकते त्या जागेवरही पोरानं रंगाचे जाड थर दिले होते.

चौदा वर्षांचा असताना मी हेच केलं होतं. वडील गावाला गेले होते. मी एका ट्रकची डिस्क आतून-बाहेरून चंदेरी रंगवून दिली. ड्रायव्हरनं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तोच ट्रक चाक डुगडुगत परत आला. आतला रंग चेपला गेला होता, नट सैल पडले होते. चाक निखळलं नाही, एवढंच नशीब. केबिनमध्ये क्लीनर होता, माझ्याच वयाचा. वडील मला रागावले नाहीत. माझ्या हातात पत्र्याचा तुकडा देत म्हणाले, ‘‘रंग लोकांना दाखवायला असतो. जिथं भार पडतो तिथं नुसतं लोखंड पाहिजे.’’

मुलाला मी हे पहिल्यांदाच सांगितलं. आजोबांचं दुकान त्यानं कधी पाहिलं नव्हतं आणि मीही त्याविषयी फारसं बोलत नसे. तो म्हणाला, ‘‘अब्बा, परवा बर्फ आहे. वेळ कुठं आहे?’’ मी काही न बोलता खरवडायला बसलो. थोड्या वेळानं तोही शेजारी येऊन बसला. ती जागा आणि नटांच्या बैठका आम्ही स्वच्छ केल्या. टायर बसवून आणले. चाकं लावताना एक नट, मग शेजारचा नव्हे तर समोरचा, अशा क्रमानं आवळले; शेवटी मापाच्या पान्यानं.

बर्फ पडला त्या दिवशी तो पहाटेच कामावर गेला. ऐंशी-शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासायचे असतात. संध्याकाळपर्यंत मी खिडकीशीच होतो. मग फोन वाजला. ‘‘अब्बा, नट पाहिले. दोन थोडे वळले, आवळले.’’ आणि जरा थांबून म्हणाला, ‘‘आजोबांच्या दुकानाचा फोटो आहे का हो आपल्याकडे?’’

फोटो नाही. पण परत आल्यावर त्या टपरीबद्दल मी लिहायला घेतलं आहे.