पणज्याच्या पलीकडे

नांदेड जिल्ह्यांतील नायगांवीं एखाद्या घरांत शिरून पांचशें वर्षांपूर्वींच्या पूर्वजाचें नांव विचारलें, तर उत्तर कोठें थांबेल? श्राद्धांत बाप, आजा आणि पणजा या तिघांचा उच्चार होतो. त्यापलीकडे बहुतेक घरांची स्मृति जात नाहीं.

पुढची वाट नाशिक-त्र्यंबकेश्वरची. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांव आणि आडनांव सांगितलें कीं यजमानाचें पान निघतें. कोण पूर्वज गोदास्नानास आला, बरोबर कोण होतें, हें तेथें लिहिलेलें असतें. मात्र गांव सुटलें किंवा आडनांव पालटलें, कीं पान सांपडणें कठीण. आणि आडनांवें तर गांवावरून, हुद्द्यावरून कितीदां तरी पालटलीं.

याहून जुनें जें सांपडतें, तें बहुधा भांडणामुळें! पाटीलकी, कुळकर्ण हीं वतनें वंशपरंपरेचीं. दोन भाऊबंद तंडूं लागले, कीं गोतसभेपुढें आपापला वंश मूळ पुरुषापासून सांगावा लागे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गुण्यागोविंदानें नांदलेल्या घरांचा असा कागद झालाच नाहीं. ज्यांस वतन नव्हतें त्यांचीं, तशींच लेकीसुनांचीं नांवें या कागदांत क्वचितच आढळतात.

मराठवाड्यांतील ठळक उदाहरण वेरूळच्या भोसल्यांचें. शहाजीराजांचे वडील मालोजी, मालोजींचे बाबाजी. येथवर पाऊल घट्ट पडतें, पुढें वाट निसरडी. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं घराण्याचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशीं जोडला गेला. १८०३ सालीं तंजावरच्या सरफोजीराजांनीं बृहदीश्वराच्या देवळांत कुळाचा इतिहास मराठींत कोरविला. भोसल्यांचे भाऊबंद म्हणविणाऱ्या मुधोळच्या घोरपड्यांचीं फर्मानें तर बहामनी काळापर्यंत जातात. १४७१ सालीं घोरपडीच्या साह्यानें खेळणा किल्ला चढल्यामुळें हें आडनांव पडलें, अशी त्या घराण्याची कथा. दत्तात्रय विष्णु आपटे यांनीं १९३४ सालीं त्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. पण फर्मानांच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत एकमत झालें नाहीं. छत्रपतींच्या घराची ही स्थिति, तर इतरांनीं पांचशें वर्षांचा हिशेब छातीठोकपणें सांगूं नये हें बरें.

नायगांवचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. जुनें दप्तर फारसी, उर्दू आणि मोडींत. २०२३ सालीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीकडे मराठवाड्यांतील असे कागद तपासण्याचें काम सोंपविलें, आणि पूर्वजाच्या नांवापुढील ‘कुणबी’ या एका शब्दासाठीं घरोघर वंशावळी मांडल्या जाऊं लागल्या. आतां प्रश्न कुळाच्या अभिमानाचा नाहीं, मुलाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा आहे. शब्द दप्तरांत सांपडतो. परंतु त्या नांवापासून आजच्या मुलापर्यंत मधली एक पिढी जुळली नाहीं, तर तो त्या घराच्या कांहीं उपयोगीं पडत नाहीं.