आधी आजीचं नाव, मग विमानाचं तिकीट
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



बडोद्याला परदेशप्रवास नवा नाही. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले. त्या काळी राजालाच परवडे, ते आज दांडिया बाजारातल्या साध्या घरालाही जमू लागलं आहे. मला आज बोलायचं आहे ते मे महिन्यातल्या युरोपच्या सहलीविषयी, आणि तीही तीन पिढ्यांच्या. तुम्ही म्हणाल, अजून बाप्पांचं विसर्जन व्हायचंय, आणि मे महिन्याची घाई कशाला? पण तयारीची खरी वेळ हीच आहे.

बहुतेक घरांचा क्रम ठरलेला असतो. स्वस्त तिकीट दिसलं की काढायचं, मग हॉटेल, मग व्हिसा, आणि सगळ्यांत शेवटी आजीचे कागद. तिथे घोडं अडतं. मग एक वाक्य ऐकू येतं, "आई, या वेळी तुम्ही राहा, पुढच्या वर्षी नक्की जाऊ." पंचाहत्तरीच्या माणसाला पुढचं वर्ष इतक्या सहज देता येत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून करा.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती. त्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत. त्यामुळे एकाच आजींचं नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचं 'सुलभा', बँकेत सासरचं 'सुधा' आणि आधारकार्डावर 'सुधाबेन' असतं. आजोबांच्या नावाला कुठे 'राव', कुठे 'भाई'. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण विमानतळावर हे चालत नाही. कोणतं तरी एक नाव ठरवा, आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्ट. तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच हवं. पासपोर्टवर 'बेन' असेल तर तिकिटावरही 'बेन' हवं.

नातवंडांचेही पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तो आईबाबांच्या आधी संपतो. शेंगेन देशांचा नियम असा, की तिथून निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मुलं एकट्या आईबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर जाणार असतील, तर न येणाऱ्या पालकांचं संमतीपत्र लागतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १० मे रोजी निघायचं असेल तर १० नोव्हेंबरपासून. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, पण प्रसंगी ४५ सुद्धा. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे माफ आहेत, आजोबांना नाहीत. म्हणजे अहमदाबादची एक फेरी आलीच. ती उन्हाळ्यात करण्यापेक्षा थंडीत केलेली बरी.

दुसरी गोष्ट तब्येतीची. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो भरताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही लपवू नका. चार पैसे वाचतात, पण नेमक्या वेळी विमा कंपनी हात वर करते. औषधं त्यांच्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असते आणि मे महिन्यातही बर्फ असतो. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर जायचं. ते नको म्हणाले, तर खाली तळ्याकाठी बाकावर बसूनही आल्प्स दिसतात.

तिसरी गोष्ट चालीची. दहा दिवसांत सात शहरं ही तरुणांची सहल झाली. तीन पिढ्यांनी दोन शहरं घ्यावीत. घरातलं सर्वांत हळू चालणारं माणूस जेवढं चालेल, तेवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम. मे महिन्यात पॅरिसला रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा दुपारी दोन तास आडवं पडून पुन्हा निघता येतं.

आता खाऊ. ठेपले, चिवडा, भाजणी घ्या. पण तूप, पेढे, दुधाची मिठाई युरोपीय संघात नेता येत नाही. मुलगी तिथे असली तरी हापूसची पेटीही प्रमाणपत्राशिवाय नाही. तिला आंबे खायला इकडेच बोलवा!

तेव्हा नवरात्रापर्यंत सगळ्यांचे कागद एका टेबलावर मांडा आणि नावं ताडून पाहा. दिवाळीपूर्वी दुरुस्तीचे अर्ज करा. मग व्हिसा, आणि पैसे परत न मिळणारं स्वस्त तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. आपल्या बाप्पांनी आईवडिलांना प्रदक्षिणा घालून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आपल्याला एवढी सोपी वाट नाही. पण पृथ्वी बघायला निघताना त्यांना बरोबर घेणं आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!