हळदीचें गणगोत

हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूर हें गांव हळदीच्या मुलुखांत वसलेलें आहे. हळद आणि मुळा दोन्ही जमिनींतून निघतात. पण मुळा हें मूळ, आणि हळकुंड मात्र खोड! त्यावरचीं पेरीं व डोळे निरखून पाहा. सजीवांचें नातें शास्त्र स्वयंपाकघरांतून ठरवीत नाहीं. पूर्वीं तें फुलांच्या रचनेवरून ठरे, आतां जनुकांवरूनहि ठरतें. त्या न्यायानें आलें हळदीच्याच कुलांतलें. केळ निराळ्या कुलाची, परंतु गण एकच. लिनीअसनें १७५३ सालीं हळदीस 'कुर्कुमा लोंगा' म्हटलें. पहिलें नांव प्रजातीचें, दोन्ही मिळून जातीचें.

हळदीला बी क्वचितच धरतें. शेतकरी बेणेंच लावतो. म्हणून एका वाणाचीं सारीं झाडें जणूं एकाच झाडाच्या फांद्या. कंदकूज शिरली, कीं तिला तोंड देणारें वेगळ्या गुणाचें झाड त्या वावरांत सांपडणें कठीण.