गुरूचे पाचवे कर्तव्य
(आसनगाव येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची एखादी अडलेली बाळंतीण रात्री कळव्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचते, तेव्हा तिला प्रथम तपासतो तो बहुधा निवासी डॉक्टर. म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढचे शिक्षण घेणारा विद्यार्थीच. तो किती तास जागा आहे, त्याला काय शिकविले गेले आहे, यावर त्या माउलीचा जीव अवलंबून असतो. आणि हे बव्हंशी ठरते विभागप्रमुखाच्या हातून. ड्यूटी कोणाला किती, शस्त्रक्रियेत हात कोणाला लावू द्यायचा, प्रबंध पुढे कधी पाठवायचा, या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. म्हणून आज आम्ही विभागप्रमुखाविषयी बोलणार आहोत.

तथागतांनी राजगृह येथे सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश केला. त्यात गुरूची शिष्याप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत. चांगले वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे, विद्या राखून न ठेवता पूर्ण द्यावी, मित्रमंडळीत शिष्याचे चांगले नाव सांगावे. आणि पाचवे, सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. पहिली चार कर्तव्ये करणारे गुरू पुष्कळ भेटतात. उणीव पाचव्याची आहे.

डॉ. पायल तडवी हे नाव आपण विसरता कामा नये. जळगावकडची ही आदिवासी समाजातली लेक मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवनयात्रा संपविली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होतो, हे आपण विभागात आधीच सांगितले होते, असे तिच्या कुटुंबाचे म्हणणे आहे. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न वेगळा आहे. नवख्या विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे ज्याच्या कानी जाते, त्याने पुढे काय करावे?

बंधूंनो, याचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार करू शकतो. प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी. टाळाटाळ केली, तर त्या गुन्ह्याला प्रमुखाचीच चिथावणी होती असे कायदा मानतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे पाचवे कर्तव्य येथे कायद्याचे कलम झाले आहे!

परंतु सर्वच गोष्टी कलमात बसत नाहीत. न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची रजा आहे. मात्र कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी प्रमुखाच्या माणुसकीवर राहते. एका विभागात मुलगा शिकून माणूस होतो, दुसऱ्यात तो पिचून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, त्रास झाला तर मनात कुढत बसू नका. तोंडी सांगून थांबू नका. लिहून द्या, पोच घ्या, घरी कळवा. पालकहो, मुलगी फोनवर "काही नाही, ठीक आहे" म्हणाली, तरी एकदा जाऊन तिला भेटून या. कायद्याने तक्रारीचा हक्क तुम्हालाही दिला आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ. संस्था असते ती याचसाठी.

आणि उद्या तुमच्यापैकीच कोणी विभागप्रमुख होईल. बाबासाहेबांच्या पुण्याईने तो दिवस दूर नाही. त्या दिवशी दाराशी भीत भीत उभ्या राहिलेल्या मुलाला आधी बसायला खुर्ची द्या आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!