आकाशातले घड्याळ आणि रस्त्यावरचा माणूस



मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य कामगार-चळवळीत गेले. जे शिकलो ते पाळी संपल्यावर, मिळतील ती पुस्तके वाचून. तेव्हा आपल्या मुलखापासूनच सुरुवात करतो.

खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज कोंडली गेली. फौज मोठी होती, परंतु वाटा तिला अनोळखी होत्या. मावळ्यांना त्या तळहातासारख्या ठाऊक होत्या. आपण कोठे आहोत, आणि ते आणखी कोणाला ठाऊक आहे, या दोन प्रश्नांवर लढाया ठरतात.

आज पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकाशातून येते. उपग्रहात अणुघड्याळ असते. तो सतत सांगत असतो : मी अमुक जागी आहे, वेळ अमुक आहे. हा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढतात. अशी चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा कळते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर अंतर तीनशे मीटरने चुकते!

अमेरिकेची जी.पी.एस. ही मूळची लष्करी व्यवस्था. नागरिकांना मिळणारा संदेश मे २००० पर्यंत मुद्दाम बिघडवून दिला जाई. दुसऱ्याच्या घड्याळावर चालणाऱ्याने हे विसरू नये. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात ‘नाविक’चे सात उपग्रह सोडले. त्यांतील पहिल्याची परदेशी बनावटीची तिन्ही घड्याळे बंद पडली. पुढे २०२३ साली स्वदेशी अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला. स्वावलंबन घोषणेने येत नाही, कारागिरीने येते.

आता दुसरा प्रश्न. उपग्रह आपल्याला पाहत नाही. तो फक्त बोलतो, आपले यंत्र ऐकते. आपली जागा दुसऱ्याला कळवतो तो खिशातला फोन. एअरसॉफ्ट नावाच्या लुटुपुटीच्या लढाईत प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. तेथे काही गडी फोनच्या नकाशावर आपले सोबती कोठे आहेत ते पाहतात. गोळी लागलेला गडी स्वतःच हात वर करून बाहेर होतो. जागा सांगणे तेथे राजीखुशीचे असते, आणि सोबती एकमेकांना सारखेच दिसतात.

घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या पोराचे तसे नाही. तो कोठे थांबला, किती वेळ थांबला, हे मालकाला दिसते. मालकाचा हिशेब मात्र त्याला दिसत नाही. घाटात पाऊस होता, फाटक बंद होते, हे नकाशावरचा ठिपका सांगत नाही. पैसे मात्र कापले जातात.

यंत्र फोडा, असे मी म्हणणार नाही. पूर्वी हजेरीपट कामगाराला दिसावा म्हणून आपण भांडलो. हा नवा हजेरीपट आहे. त्याची नक्कल कामगाराच्या हाती पडावी, काम संपताच पाळत संपावी, आणि ठिपक्याच्या साक्षीवर शिक्षा करण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकावे. एवढी मागणी आपण सर्वांनी उचलून धरावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.