धूप ओळखा, मग उपाय योजा
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



आपण कोकणातली माणसे. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून धावणाऱ्या आखूड, वेगवान नद्या. या तिन्ही ठिकाणी जमीन झिजते. ही झीज साफ थांबवणे माणसाच्या हाती नाही. तिचा वेग कमी करणे मात्र आहे. अट एकच. धूप कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखले पाहिजे, कारण एका जागचा उपाय दुसऱ्या जागी अपाय ठरतो.

प्रथम वरकस जमिनीचा विचार करू. उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आपटतो, मातीचे कण सुटे होतात आणि वाहते पाणी ते घेऊन जाते. बोटभर जाडीचा सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तो जायला काही पावसाळे पुरतात. म्हणून रानाला वणवा लावू नका. गवत आणि पालापाचोळा हे जमिनीचे पांघरूण आहे. सौम्य उतारावर समपातळीत चर खणावेत, बांधावर वाळा लावावा. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. घळ पडली असेल, तर दगडांचे लहान लहान बांध वरून खाली घालत यावेत. खाली घातलेला एकच मोठा बांध लोंढ्यापुढे टिकत नाही.

परंतु घरांच्या वरच्या तीव्र उतारावर हेच चर धोक्याचे ठरू शकतात. तिथे पाणी मुरले की माती जड होते आणि तिची पकड सुटते. अशा जागी पाणी पक्क्या गटाराने बाजूला काढावे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे मुसळधार पावसात डोंगर वस्तीवर आला. एकट्या तळियेत ८० हून अधिक माणसे गेली.

पालकहो, आपल्या अनेक घरांत मुंबईची किंवा आखाताची कमाई येते आणि तिचे पहिले रूप म्हणजे नवे घर. त्या घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापू नका. कापावाच लागला, तर जाणकाराच्या सल्ल्याने आणि टप्प्याटप्प्याने कापा. आधारभिंतीत पाणी निघायला भोके ठेवा. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडा.

आता नदी. वळणावर बाहेरचा काठ तुटतो आणि आतल्या बाजूला गाळ साठतो. तुटणाऱ्या काठावर बांबू, करंज यांसारखी झाडे राखावीत. काठालगतची वाळू बेसुमार उपसली की तळ खोल जातो आणि काठ आपोआप ढासळतो. वाळूचे दोन पैसे आज मिळतात. शेत मात्र कायमचे जाते.

खाडीकाठी तिवर आणि चिप्पी लाटांचा जोर मोडतात आणि गाळ अडवतात. खारबंदिस्तीच्या बाहेरची ही झाडे तोडली, की लाट थेट बांधावर येते. एकदा खांड पडली की भातशेतीत खारे पाणी शिरते. उघड्या किनाऱ्यावर दगडी भिंत मागची जागा वाचवते खरी. पण तिच्यावर आपटून परतणारी लाट पुढची वाळू ओढून नेते आणि धूप शेजारच्या गावाकडे सरकते. वाळूच्या टेकड्या, त्यांवरची मर्यादावेल आणि केवडा हे तिथले खरे राखणदार. केवळ उंच झाडांवर विसंबू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची असंख्य झाडे आडवी झाली.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात एक काम करा. आपल्या गावातले पाणी कोठे गढूळ होते, कोणता काठ तुटतो, कोणत्या उतारावर भेग पडते, याची तारखेसह वहीत नोंद ठेवा. ती वही ग्रामसभेत वडीलधाऱ्यांसमोर ठेवा. अशा नोंदी असल्या, की कोणत्या जागी झाड लावायचे, कोणत्या जागी बांध घालायचा आणि कोणत्या जागी घरच बांधायचे नाही, हे गावाला ठरवता येईल. शाळेत मिळालेल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता?