तिसरे चाक



गोंदियाला सायकलचे नवल नाही. पण सेरेब्रल पाल्सीमुळे ज्या मुलाचे पाय आखडतात, तोल ढळतो, त्याला आम्ही सायकलजवळ फिरकू देत नाही. ‘पडेल’ म्हणतो आणि विषय मिटवतो.

१९८४ साली पॅरालिम्पिकमध्ये सायकल शर्यती आल्या, त्यांत असे खेळाडू उतरले. आज त्यांचे वर्ग ठरलेले आहेत. दुचाकीवर तोल राहत नसेल, तर तीनचाकी. तिचे वर्ग टी१ व टी२. दुचाकी चालवता येत असेल, तर सी१ ते सी५ यांपैकी एक. आकडा जितका लहान, तितकी अडचण मोठी.

आमच्याकडे २०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला सवलतींसाठी लागतो. शर्यतीत मात्र तो टक्का चालत नाही. तेथे परीक्षक स्नायूंचा ताठरपणा व हालचालींचा मेळ तपासतात, मग प्रत्यक्ष सायकल चालवताना पाहतात. कारण सौम्य व्यंग असलेल्याने तीव्र व्यंग असलेल्याला हरवले, तर तो विजय मेहनतीचा कसा म्हणावयाचा?

‘पडेल’ म्हणण्यापूर्वी आपण त्याला तिसरे चाक देऊन पाहू या, एवढीच आमची विनंती.